न जुळलेला तक्ता

जीवशास्त्राच्या बाईंच्या पिशवीतून काय निघेल याचा नेम नसतो. माझ्या पिशवीची कोणी झडती घेतली असती, तर एकतीस वर्षांत वेगवेगळ्या दिवशी तिच्यात जिवंत गांडुळं, मेलेलं झुरळ, बांगड्याचे कल्ले, कोंबडीच्या मानेची हाडं आणि एकदा सापाची अख्खी कात सापडली असती. बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राहायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, ऐसपैस बसायला मिळायचं.

आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळूरला आले आणि परत जायचं विसरले. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून नवी आलेली माणसं आमचं बोलणं ऐकून आधी गालात हसतात आणि मग ‘किती गोड’ म्हणतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘शिक्षणाची सद्यःस्थिती’ असा भारदस्त विषय दिला होता. मी सांगितलं, सद्यःस्थितीतलं मला काही कळत नाही. मला हृदय कळतं, आतडी कळतात आणि थोडेफार कान कळतात. ते म्हणाले, मग कानांवर लिहा. ते थट्टेनं म्हणाले, मी मनावर घेतलं.

आधी धंद्याची ओळख करून देते. शाळेत जीवशास्त्र शिकवणं म्हणजे मुलांनी पुस्तकात पाहिलेलं चित्र त्यांच्या हातात ठेवणं. चित्रातलं हृदय अर्धं लाल, अर्धं निळं असतं. मुलांना वाटतं, आपल्या छातीतही तसंच रंगवलेलं काहीतरी आहे. म्हणून मी दरवर्षी बोकडाचं हृदय आणायची. आमच्या गल्लीतला खाटीक रहमतअण्णा पहिल्या वर्षी गोंधळला. खाटीक हृदय साफ करून देतो, म्हणजे वरच्या सगळ्या नळ्या कापून टाकतो. मला तर नळ्यांसकटच हवं होतं. “अक्का, त्या शिजत नाहीत, चिवट असतात,” तो मला परोपरीनं समजावत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, शिजवायचं नाही, शिकवायचं आहे. पुढं तो दुकानातल्या पोरांना ओरडून सांगायचा, “नळी कापू नका रे, मिसचं आहे!”

वर्गात मी ते हृदय परातीत ठेवायची आणि एका नळीतून चमच्यानं पाणी सोडायची. पाणी कुठून निघेल ते आधी सांगायचं, हा आमचा खेळ. पाणी सांगितलेल्या जागेतून निघालं की सगळा वर्ग ओरडायचा. दर वर्षी एखादा धट्टाकट्टा मुलगा घेरी येऊन खाली बसायचा आणि एखादी मिटल्या तोंडाची मुलगी पुढं येऊन आत बोट घालून झडप चाचपायची. माझ्या विद्यार्थ्यांत आज नऊ डॉक्टर आहेत. त्यातल्या सहा त्या बोट घालणाऱ्या मुली आहेत, हे मी मुद्दाम सांगते.

हातात ठेवता येईल ते सगळं मी असं शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. विनय दाखवण्याचं माझं वय आता गेलं. पंचाईत होती ती आनुवंशिकतेची. तो धडा दहावीला असतो आणि त्यातलं काहीच परातीत ठेवता येत नाही. पुस्तकात वाटाण्याची रोपं असतात. बेंगळूरच्या फ्लॅटमधल्या मुलाला वाटाणा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उगवतो असं वाटतं. म्हणून मी वाटाणा सोडून माणसांवर आले.

मी चिठ्ठ्यांचं उदाहरण द्यायची. प्रत्येक गुणासाठी मुलाला आईकडून एक चिठ्ठी मिळते, वडिलांकडून एक. काही चिठ्ठ्या बोलक्या असतात, काही मुक्या. दोन्हींतली एक जरी बोलकी असली तरी तिचंच चालतं. दोन्ही मुक्या असल्या तरच मुका गुण दिसतो. आता कानाची पाळी पाहा. कोणाची खाली सुटी लोंबते, कोणाची गालाला चिकटलेली असते. पुस्तक सांगतं, सुटी पाळी बोलकी, चिकटलेली मुकी. म्हणजे आई-वडील दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या असतील, तर दोघांकडे फक्त मुक्याच चिठ्ठ्या. मग मुलाला बोलकी मिळणार कुठून? त्याची पाळी चिकटलेलीच असली पाहिजे.

यावर मी दर वर्षी गृहपाठ द्यायची. घरातल्या सगळ्यांचे कान बघायचे, तक्ता करायचा आणि नियम जुळतो का ते पाहायचं. मुलं खूश असायची. शनिवार-रविवार घरोघरी आजी-आजोबांचे कान ओढले जायचे. सोमवारी तक्ते यायचे आणि सगळेच्या सगळे जुळायचे. क्वचित एखादा जुळायचा नाही, तेव्हा मी म्हणायची, “तुझ्या बघण्यात चूक झाली असेल, पुन्हा तपासून आण.” दुसऱ्या दिवशी तोही जुळायचा. मला या गृहपाठाचा भारी अभिमान होता. त्यातले देखणे तक्ते मी शाळेच्या प्रदर्शनासाठी जपून ठेवायची.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना ईरा माझ्या वर्गात आली. तिचे आई-वडील पुण्याचे, दोघंही आयटीत, सर्जापूर रोडवर अकराव्या मजल्यावर घर. मुलगी हुशार, जरा हट्टी, आणि वहीत कधी खाडाखोड न करणारी. सोमवारी तिनं तक्ता दाखवला. आई चिकटलेली, बाबा चिकटलेली, आजी चिकटलेली. आणि ईरा सुटी.

मी म्हटलं, “असं होत नाही. पुन्हा तपासून आण.”

मंगळवारी ती तोच तक्ता घेऊन आली. “मिस, तीनदा बघितलं. तसंच आहे.”

घंटा व्हायला आली होती, हातात वह्यांचा ढीग होता, माझं लक्ष निम्मंच होतं. मी भर वर्गात म्हणाले, “ईरा, दोन्ही पालकांच्या पाळ्या चिकटलेल्या असताना मुलीची सुटी असणं शक्यच नाही. होऊच शकत नाही.” मागच्या बाकावरून कोणीतरी ‘अडॉप्टेड!’ म्हणून ओरडलं. वर्ग हसला. मी त्या पोराला दटावलं आणि घंटा झाली म्हणून निघून गेले. माझ्या लेखी विषय तिथं संपला होता.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत ईराची आई शाळेत आली. मृणाल तिचं नाव. ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच लटकत होतं. मला वाटलं, मार्कांची तक्रार असेल. ती बसली आणि म्हणाली, “मॅडम, मी भांडायला आले नाहीये. मला फक्त एक विचारायचंय. ते खरंच होऊच शकत नाही का?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंगळवारी संध्याकाळी जेवताना ईरानं वर्गातलं सांगितलं. मृणालची सासू साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेली होती. नात आमच्यात कोणासारखीच दिसत नाही, असं ती पूर्वीपासून अधूनमधून म्हणायची. त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “बाईंनीच सांगितलंय ना, होऊच शकत नाही म्हणून. मग झालं तर.” ईराच्या जन्माआधी निखिल, म्हणजे ईराचे बाबा, कंपनीच्या कामासाठी बरेच महिने परदेशी जाऊन-येऊन होता. सासूनं तेही काढलं.

“निखिल काय म्हणाला?” मी विचारलं.

“तो म्हणाला, ‘आपण वाद नको घालूया. एक डीएनए टेस्ट करू, रिपोर्ट येईल, विषय क्लोज.’ त्याचं सगळं असंच असतं, मॅडम. शनिवारी सकाळी दहाला लॅबचा माणूस घरी येणारे, सॅम्पल घ्यायला.”

“मग घेऊ दे की,” मी म्हणाले. “तुमच्याच बाजूनं येईल ना रिपोर्ट.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “रिपोर्ट काय येणार ते मला माहितीये. पण मी तोंड उघडून कापूस फिरवू दिला, म्हणजे हा प्रश्न विचारण्यासारखा होता हे मी मान्य केलं. मी त्याला सांगितलंय, तो माणूस घरात आला तर मी ईराला घेऊन बाहेर पडेन.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि ईरा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीये. सहा दिवस झाले. तिलाही तसंच वाटत असणार.”

तिचा प्रश्न माझ्यासमोर तसाच होता. होऊच शकत नाही का? एकतीस वर्षांच्या नोकरीतली सत्तावीस तेव्हा झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पुस्तकात होतं ते मी सांगितलं होतं. मी म्हणाले, “मला दोन दिवस द्या.”

माझी एक जुनी विद्यार्थिनी आनुवंशिकतेवरच संशोधन करते. तीही त्या झडपेत बोट घालणाऱ्यांपैकीच. मी तिला फोन लावला. माझं ऐकून ती अदबीनं म्हणाली, “मिस, तुम्ही अजून कानाची पाळी शिकवता?”

“पुस्तकात आहे,” मी म्हणाले.

“पुस्तकात आहे, पण तसं नसतं. एका चिठ्ठीचं ते काम नाही, पुष्कळ चिठ्ठ्या मिळून पाळी ठरते. म्हणून सुटी आणि चिकटलेली असे दोनच प्रकार नसतात, मधले कितीतरी असतात. चिकटलेल्या आई-वडिलांना सुट्या पाळीचं मूल खुशाल होतं. जीभ वळवण्याचंही तसंच. मिस, तुम्हीच सांगायचात ना, आधी मोजून बघा म्हणून?”

सरी, बरोबर आहे तुझं, म्हटलं, आणि फोन ठेवला. शिष्यानं कान पिळले आणि तेही कानांवरूनच.

पण खरा दणका पुढं होता. मला वाटलं, असं जर आहे तर सत्तावीस वर्षांत माझे तक्ते जुळले कसे? प्रयोगशाळेच्या कपाटातून मी प्रदर्शनाचं बाड काढलं आणि खिडकीशी बसले. एकेक कागद उजेडाकडे धरला. कुठं आजोबांच्या रकान्यात, कुठं आईच्या, कागद खरवडून पातळ झाला होता. ‘चिकटलेली’ पुसून वर ‘सुटी’ लिहिलं होतं. काहींनी स्वतःचेच कान बदलले होते. मी ‘पुन्हा तपासून आण’ म्हणायची आणि मुलं घरी जाऊन खोडरबरानं आई-बापांचे कान दुरुस्त करून आणायची. बाईंना काय हवंय ते मुलांना बरोबर कळतं. ज्या तक्त्यांचा मी अभिमान मिरवला ते नियमामुळे जुळले नव्हते, माझ्या धाकामुळे जुळले होते. मी तिथं बसून रडले. असे किती जण घरी जाऊन मनात काय घेऊन गप्प बसले असतील, हे आता मला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वर्ग ओळीनं उभा केला. दोन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, सगळ्यांचे कान बघा आणि चिकटलेल्या पाळीचे किती ते मोजा. मग तेच काम दुसऱ्या गटाला, पहिल्याचा आकडा न सांगता. पहिल्या गटाला अकरा मिळाले, दुसऱ्याला सतरा. जोरदार भांडण झालं. “हा चिकटलेला आहे!” “एल्ली, कुठं चिकटलाय, स्वल्प सुटा आहे बघ!” मधल्या सहा जणांना दोन्ही गट आपापल्या बाजूला ओढत होते. ओरडा ऐकून शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई डोकावून गेल्या.

मुलं थकल्यावर मी विचारलं, “दोनच प्रकार असते तर भांडण झालं असतं का?” मग मी फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, की गेल्या आठवड्यात मी ईराला जे सांगितलं ते चूक होतं. चूक तिच्या बघण्यात नव्हती, माझ्या शिकवण्यात होती. मग मी तेच मोठ्यानं वाचलं, कारण लिहिणं सोपं असतं. ईरा फळ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मागच्या बाकावरचा तो ओरडणारा पोरगा उठला आणि कोणी न सांगता तिला ‘सॉरी’ म्हणाला.

मला वाटलं, सुटले. पण शुक्रवारी मृणालचा फोन आला. सासू म्हणत होती, सून शाळेत जाऊन बाईंच्या हातापाया पडली, म्हणून बाईंनी सारवासारव केली. शनिवारची वेळ तशीच होती. मृणालनं बॅग भरली होती.

मी शनिवारी साडेनवाला त्यांच्या दारात उभी होते. शिक्षकानं न बोलावता पालकांच्या घरी जाऊ नये, असा आमच्या शाळेचा नियम होता. तो मी आयुष्यात एकदाच मोडला.

निखिलनं दार उघडलं. माणूस वाईट नव्हता, रात्र-रात्र झोप न झालेला दिसत होता. आजी सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. ईरा खिडकीजवळ, मृणाल स्वयंपाकघराच्या दारात. मी चिठ्ठ्यांचं सगळं पुन्हा समजावायला सुरुवात केली. आजींनी हात वर केला.

“मला ते शास्त्र सांगू नका. एवढंच सांगा, तुम्ही आधी होऊच शकत नाही म्हणाला होतात की नाही?”

“म्हणाले होते.”

“मग आता होऊ शकतं कसं?”

“आजी, मला माहीत नव्हतं.”

“किती वर्षं शिकवताय?”

“सत्तावीस.”

“सत्तावीस वर्षं शिकवून तुम्हाला माहीत नव्हतं?”

“हो. सत्तावीस वर्षं चुकीचं शिकवलं मी. कोणी विचारलं नाही, म्हणून मीही बघितलं नाही. तुमच्या नातीनं विचारलं, तर तिलाच गप्प केलं. तुमची सून माझ्या हातापाया पडली नाही, आजी. तिनं फक्त प्रश्न विचारला. हातापाया पडायला मीच आलेय.”

इतके दिवस आजी ‘बाईंनीच सांगितलंय’ या एका वाक्यावर उभ्या होत्या, आणि ते वाक्य बाईंनीच काढून घेतलं होतं.

मी ईराकडे वळले. “ईरा, मी पुन्हा तपासून आण म्हटलं. बाकी सगळे पुसून आणतात. तू का नाही पुसलंस?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुसलं असतं तर आईचे कान खोटे लिहावे लागले असते.”

मृणाल पुढं आली. “मग तू माझ्याशी का बोलत नव्हतीस गं?”

“तो चार्ट मीच घरी आणला ना,” ईरा म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. “मी सांगितलं नसतं तर आजी तुला काही बोललीच नसती. मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीयेस.”

सहा नाही, तोवर अकरा दिवस झाले होते. आई समजत होती मुलीला संशय आलाय, मुलगी समजत होती आई रागावलीय. मृणालनं तिला घट्ट धरलं. दोघी रडल्या. मी रुमाल विसरले होते, मी पदरानं डोळे पुसले.

आणि बेल वाजली. लॅबचा माणूस दहाला दहा कमी असतानाच आला होता. या शहरात बाकी कोणीही वेळेवर येत नाही.

निखिल जागचा हलला नाही. आजीच उठल्या. गुडघे धरत दारापर्यंत गेल्या, दार अर्धं उघडलं आणि साताऱ्याच्या ठसक्यात म्हणाल्या, “काय नको. इथं सगळी आमचीच माणसं हायत. जावा तुम्ही.”

त्या बिचाऱ्याला अक्षर कळलं नाही. तो कन्नडमधून विचारायला लागला, बुकिंग याच पत्त्यावरचं आहे ना? आजींनी माझ्याकडे वळून बघितलं. “बाई, याला त्याच्या भाषेत सांगा.”

मी सांगितलं, “बेडवंते, अण्णा. नको म्हणतायत.”

तो म्हणाला, क्यान्सल करायचं तर ज्यांनी बुक केलंय त्यांच्या फोनवर आकडे येतील, ते सांगावे लागतील. निखिलच्या हातातला फोन वाजला. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग मृणालकडे. आजी दारातूनच ओरडल्या, “सांग की रं त्याला आकडं!” निखिल उठला, दाराशी गेला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. दार लागलं. मग तो मृणालसमोर येऊन म्हणाला, “मी आधीच नको म्हणायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” मृणाल म्हणाली. तिनं त्याला सहज सोडलं नाही, आणि मला ते आवडलं. भरलेली बॅग मात्र तिनं पायानं सोफ्याखाली सारली. आजींनी मला उपमा खायला बसवलं. सुनेची माफी त्यांनी माझ्यासमोर मागितली नाही. नंतर मागितली, असं मला मृणालनं सांगितलं, आणि ते चार भिंतींत झालं हेच बरं.

त्यानंतर मी चार वर्षं तो धडा शिकवला. गृहपाठही दिला, पण तक्त्याच्या आधी वर्गात कान मोजायचे, भांडायचे आणि मग घरी जायचं. पुसायचं नाही, अशी सक्त ताकीद. माझे तक्ते जुळेनासे झाले. मुख्याध्यापिका काळजीनं म्हणाल्या, परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लागतं. मी मुलांना दोन्ही सांगायची. पुस्तक काय म्हणतं तेही सांगायची आणि खरं काय आहे तेही. काय लिहायचं ते त्यांच्यावर सोडलं.

त्या प्रकरणाच्याच वर्षी ईराची पूर्वपरीक्षा झाली. ते पेपर बाहेरून तपासून येतात. निकालाच्या दिवशी मायलेकी माझ्या टेबलाशी आल्या. मृणालनं पेपर उघडून माझ्यापुढं ठेवला. प्रश्न एका मार्काचा होता, दोन्ही पालकांच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या असतील तर अपत्याची पाळी कशी असेल. तपासणाऱ्यानं उत्तरावर लाल फुली मारली होती, मार्क शून्य.

“रीचेकिंगला टाकूया का?” मी विचारलं.

मृणालनं मान हलवली. “नको मॅडम. मला तो असाच हवाय.” तिनं पेपरावर बोट ठेवलं, आणि लेकीचं उत्तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं. “कशीही असू शकते. उदाहरणार्थ, मी.”